बाईंची वेबसाइट

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, मराठी भाषा गौरव दिनाचा मुहूर्त साधून, विधिमंडळाने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा मंजूर केला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शाळाच बंद पडल्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तरी दादर-परळच्या इंग्रजी शाळांतल्या काही मुलांना, आपली प्रार्थना कुणीतरी जरा जास्तच मनावर घेतली असं वाटलं असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

कायदा पहिली आणि सहावीपासून सुरू होऊन दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकायचा होता. तो न पाळणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. तोवर वेळापत्रकात पी.टी. आणि चित्रकलेच्या मधे अंग चोरून बसलेला मराठीचा तास या आकड्यामुळे एकदम ताठ झाला, आणि त्याच्याबरोबर ताठ झाल्या मराठीच्या बाई. मुलं त्यांना 'टीचर' म्हणतात, पालक 'मॅम' म्हणतात, शिपाई 'बाई' म्हणतो आणि मुख्याध्यापिका 'आमच्या मराठीवाल्या' म्हणतात. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात अशा बाई शाळागणिक सापडतात. त्यांच्या वर्गात हिंदू कॉलनीतला तमिळ मुलगा असतो, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली मारवाडी मुलगी असते, ऑपेरा हाउसकडचा गुजराती मुलगा असतो आणि 'माझं मराठी वीक आहे' असं उत्तम मराठीत सांगणारा एक परब असतोच.

शाळा बंद असताना बाईंनी मराठी शिकवली ती व्हॉट्सअ‍ॅपवर. सकाळी नऊला गृहपाठ टाकला की त्याखाली 'नोटेड मॅम', 'नोटेड', 'थँक्यू मॅम' आणि जोडलेले हात अशी रांग लागे. रांगेच्या शेवटी गुलाबाच्या फुलावर छापलेला सुविचार येई. दुपारपर्यंत गृहपाठ इतका वर गेलेला असे, की बारा वाजता एखादे बाबा विचारत, 'मॅम, आज मराठीत काही आहे का?' बाई गृहपाठ पुन्हा टाकत आणि 'नोटेड'ची दुसरी पंगत बसे. पहिल्या पंगतीतले पालक दुसरीतही बसत, कारण नोटेड म्हणायला गृहपाठ वाचावा लागत नाही.

वेबसाइटची गरज बाईंना इथे जाणवली. अपेक्षा माफक होती. एक पत्ता असावा आणि तो बदलू नये. त्यावर या आठवड्याचा धडा, नवे शब्द, बाईंच्या आवाजात त्या शब्दांचे उच्चार आणि गृहपाठ, एवढंच असावं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत उभी केलेली जगातली पहिली वेबसाइट याहून फार निराळी नव्हती. पांढऱ्या पानावर काळा मजकूर आणि काही दुवे, संपलं. तेवढ्यावर पुढचं सगळं जग उभं राहिलं. तेवढ्यावर सहावी 'ब' उभी राहायला हरकत नव्हती.

पण मराठी घरात वेबसाइट स्वतःच्या हाताने करत नाहीत. ती हिंजवडीतला भाचा करून देतो.

भाच्याने शनिवार-रविवार मोडून साइट उभी केली. वर भगव्या रंगात 'सुस्वागतम्' डावीकडून उजवीकडे धावत होतं. दोन्ही बाजूंना समया तेवत होत्या. माउस नेला की फुलपाखरू उडे. तळाशी 'आपण या संकेतस्थळाला भेट देणारे अमुकावे पाहुणे आहात' असा आकडा होता. आणि हे सगळं पाहण्याआधी लॉगिन होतं.

'आत्या, सिक्युरिटी नको का?' भाचा म्हणाला.

'अरे, आतमध्ये विरुद्धार्थी शब्द आहेत,' बाई म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात मुलांनी फुलपाखरू पकडायचा खेळ शोधून काढला. त्यात ती इतकी तरबेज झाली की विरुद्धार्थी शब्दांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. अमेरिकेत सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या बर्नी डॉज यांनी १९९५ मध्येच 'वेबक्वेस्ट' नावाची पद्धत मांडली होती. मुलांना एक नेमकं काम द्यावं, निवडक पानं द्यावीत, आणि शोधण्यात वेळ न घालवता सापडलेल्याचा विचार करायला लावावं, असं तिचं सूत्र. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण आत शिरण्यासाठी मोडेमची किरकिर ऐकत बसलो होतो, तेव्हा तिकडे मुलांना आत भरकटू कसं द्यायचं नाही याचा विचार चालू होता. बाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी भाच्याला फोन करून फुलपाखरू, समया आणि लॉगिन काढायला लावलं. सुस्वागतम् राहिलं, कारण ते काढणं बरं दिसलं नसतं.

मग अक्षरांचा प्रश्न आला. बाईंचे जुने स्वाध्याय एका पेनड्राइव्हमध्ये होते. ते शिवाजी, कृतिदेव आणि श्रीलिपी या वेगवेगळ्या फाँटांत टाइप केलेले होते. युनिकोड रुळण्याआधी मराठी संगणकावर प्रत्येक फाँटची स्वतःची संकेतव्यवस्था असे. मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तिथे तो फाँट नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं यांची मिसळ दिसे. बाईंनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध साइटवर चढवला, तेव्हा नेमकं तेच झालं. एका पालकांनी 'नोटेड मॅम' लिहिलं.

बाईंनी सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केलं. तरी समाधान होईना, कारण पडद्यावरचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. मराठी वर्णमालेत या दोन अक्षरांची रूपं कोणती, हे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ठरवून दिलेलं आहे. बाई वहीत या दोन अक्षरांना लाल शाईने गोल करत आल्या होत्या. आता त्यांच्याच नावाच्या साइटवर पानं भरभरून तीच चूक. उपाय निघाला तो साधाच. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात, आणि पानाची भाषा हिंदीऐवजी मराठी अशी नोंदवली की अक्षरं आपोआप मराठी वळण घेतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्ता', 'बालू' असे देवनागरी फाँट फुकट मिळतात. त्यांच्याच 'मोदक' या गुटगुटीत फाँटात शीर्षकं टाकल्यावर व्याकरणाचं पानसुद्धा खाऊचं वाटू लागलं.

साइटचा खरा उपयोग मात्र अक्षरांसाठी नव्हता, आवाजासाठी होता. छापील पुस्तकाची एक अडचण आहे. 'चोर'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगळे, पण कागदावर दोघे जुळे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'जगून दाखव', हेही डोळ्यांना सारखंच. फरक कानाला कळतो. म्हणून बाईंनी शब्द स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. स्टुडिओ म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. पहिल्या धड्याच्या मुद्रणात पंधरा शब्द, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि खालून जाणारा एक फेरीवाला आला. दुसऱ्या दिवशी हिंदू कॉलनीतून विचारणा झाली: 'मॅम, "कावळा"नंतर येणारा "भंगाऽऽर" हा शब्द धड्यात कुठे आहे? मुलाने पाठ केला आहे.'

या ध्वनिफितींनी एक गोष्ट उघड केली, जी कुणाला अपेक्षित नव्हती. 'ळ' हिंदीत नाही, पण तमिळमध्ये आहे आणि गुजरातीतही आहे. त्यामुळे तमिळ आणि गुजराती मुलं 'कावळा', 'डोळा', 'केळं' ठणठणीत म्हणत. 'कावला' म्हणणारा निघाला तो परबांचा.

डिसेंबर २०२० मध्ये बातमी आली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यातून कविता ऐकता येतील, चित्रफिती पाहता येतील अशी सोय त्यांनी केली होती, आणि ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत छापली गेली. बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं. त्यातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना देऊन टाकला. त्या आठवड्यात मुंबईच्या किती मुख्याध्यापिका किती बाईंना 'तुम्हीपण असं काहीतरी करा ना' म्हणाल्या असतील, याची गणती नाही. आमच्या बाईंनी साइटच्या पत्त्याचा क्यूआर कोड छापून प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगितला. डिंक बाईंचा होता. वार्षिक समारंभात त्यांना नारळ मिळाला.

साइटवर 'आणखी वाचा' असा एक कोपरा होता. त्यात बालभारतीची पुस्तकं होती, जी पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात. विश्वकोशाचा दुवा होता. तो तयार करणाऱ्या मंडळाचं कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत, म्हणजे शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि मोल्सवर्थ होता. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि आता तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर कुणालाही चाळता येतो. परळच्या मुलाला अडलेला मराठी शब्द शिकागोहून एका इंग्रजाने समजावून सांगावा, ही व्यवस्था बाईंना थोडी टोचली. पण शब्द सापडत होता, आणि तेही अक्षरं बरोबर लिहिली तरच. शुद्धलेखनाचा याहून कडक परीक्षक शाळेत दुसरा नव्हता.

निबंधांचं पान मात्र बाईंच्या अंगाशी आलं. 'माझे आजोबा' या विषयावर त्यांनी नमुन्यादाखल एक निबंध ठेवला. नमुन्यातले आजोबा रत्नागिरीला राहत, पांढरं धोतर नेसत आणि उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या पाठवत. आठवड्याने वह्या आल्या, तेव्हा सबंध वर्गाचे आजोबा रत्नागिरीला स्थायिक झाले होते. बिकानेरचे, भावनगरचे, तंजावरचे सगळे धोतर नेसून आंबे पाठवत होते. परबचे आजोबा खरोखरच कोकणातले होते, पण त्याने त्यांना न विचारता तीच पेटी पाठवायला लावली. बाईंनी नमुना काढून टाकला आणि त्याजागी फक्त प्रश्न ठेवले: आजोबा सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतात? कुणावर ओरडतात? काय लपवून खातात? पुढच्या वेळी निबंध निम्म्या लांबीचे आले, शुद्धलेखन दुप्पट बिघडलेलं होतं, आणि आजोबा मात्र सगळे वेगवेगळे निघाले. एकाचे मधुमेह असून फ्रीजमागे पेढे ठेवत. हा निबंध पालकसभेच्या आधी परत द्यावा की नंतर, यावर बाईंनी बराच विचार केला.

तळाचा पाहुण्यांचा आकडा वाढत होता. सुरुवातीला तो बाईंनी स्वतःच वाढवला होता, कारण आकडा वाढला का हे बघायला साइट उघडावी लागे आणि उघडली की तो वाढे. पुढे तो रात्री दहानंतर वाढू लागला. सहावीतली मुलं त्या वेळी झोपतात किंवा झोपल्याचं सोंग घेतात. मग साइट बघत होतं कोण? उत्तर पालकसभेत मिळालं. मुलांसाठी केलेली साइट आया वापरत होत्या. एक तमिळ आई रोज रात्री शब्द ऐकून सकाळी मुलाला विचारत असे. एका गुजराती आजींनी तर अख्खा 'लिंग ओळखा' हा स्वाध्याय सोडवून टाकला होता, आणि 'बस आली, ट्रेन आली, रिक्षा आली, मग टेम्पो का आला?' या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं. बाईंकडे ते नव्हतं.

या बायकांना दुसरीकडे जायला जागाही कमी होती. ड्युओलिंगोवर 'स्टार ट्रेक'मधली क्लिंगॉन शिकता येते, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली हाय व्हॅलिरियन शिकता येते. ज्या भाषांना गाव नाही, त्यांना तिथे घर आहे. मराठीचा अभ्यासक्रम तिथे नाही. अमराठी प्रौढांना मराठी पद्धतशीर शिकवण्याचं काम मुंबईत मनावर घेतलं ते मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने. प्रा. विभा सुराणा यांच्या पुढाकाराने आणि धोबी तलावच्या राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने तिथे 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार झाला. ऐकणाऱ्याला आधी गंमत वाटते, मग कारण पटतं. परक्याला भाषा कशी शिकवायची, याचा सराव परकी भाषा शिकवणाऱ्यांनाच असतो. मातृभाषेच्या शिक्षकाला समोरच्याला ती आधीच येते असं गृहीत धरायची सवय असते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा रविवारी सकाळी हीच झटापट करतात. तिथल्या परबांचंही मराठी वीक असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिने दिले. बाईंना वाटलं, आता रस्ताच पाठ्यपुस्तक झाला. साइटवर काम दिलं: आपल्या भागातल्या पाच मराठी पाट्यांचे फोटो काढा आणि वाचून दाखवा. फोटो आले. 'फॅशन हब', 'मोबाइल झोन', 'रॉयल ड्रायक्लीनर्स', 'द केक शॉप', 'न्यू स्टार हेअर आर्ट'. सगळ्या पाट्या देवनागरीत होत्या, कायद्याप्रमाणे ठसठशीत होत्या, आणि मुलांनी त्या एका दमात वाचल्या. इतकं अस्खलित वाचन वर्षभरात झालं नव्हतं. बाईंनी पूर्ण गुण दिले.

साइटवर एक नियमित गृहपाठ असे: घरातल्या किंवा इमारतीतल्या कुणाशी तरी पाच वाक्यं मराठीत बोला. टॉवरमध्ये मराठी येणारी माणसं म्हणजे वॉचमन, ड्रायव्हर, लिफ्टमनकाका आणि कामाच्या मावशी. अडचण अशी, की ही सगळी माणसं टॉवरच्या फाटकातून आत शिरताना मराठी बाहेर ठेवतात. मारवाडी मुलीने 'मावशी, तुम्ही कशा आहात?' असं विचारलं, तर लालबागच्या चाळीतून येणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'अच्छी हूँ बेबी.' मुलीने वहीत लिहिलं: 'मावशींना मराठी येत नाही.'

हा गैरसमज दूर झाला उन्हाळ्यात. बाईंनी सुट्टीसाठी 'मसाला' हे पान केलं. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्यांची पोती येतात, घरोघरच्या बायका वर्षाचा मसाला कांडून नेतात आणि आसपास उभ्या असलेल्यांना शिंका येतात. निवडणे, देठ काढणे, वाळवणे, भाजणे, कुटणे, चाळणे अशी क्रियापदांची रांगच इथे मिळते. बाईंनी मिरच्यांची नावं आणि गुण स्वयंपाकघरातल्या स्टुडिओत मुद्रित केले. मारवाडी मुलीच्या आईने, म्हणजे मावशींच्या भाभींनी, ते ओट्याशी उभं राहून मोबाइलवर लावलं. मावशी भांडी घासत होत्या.

'संकेश्वरी रंगासाठी घेतात आणि बेडगी तिखटपणासाठी,' मोबाइल म्हणाला.

मावशींचा हात थांबला. 'कोण ह्या बाई? उलटं सांगतायत. बेडगी रंगाला घ्यायची, तिखटाला संकेश्वरी. आणि नुसत्या मिरच्यांनी काय होतंय, धणे किती घेतले ते नको सांगायला? दगडफूल कुठंय? असा मसाला केला ना, तर सासू दारात उभी करणार नाही.' हे सगळं एका श्वासात आणि मराठीत झालं. भाभींनी चार वर्षांत मावशींच्या तोंडून 'भाभी, कल छुट्टी चाहिए' याहून लांब वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी मोबाइल पुढे करून सगळं पुन्हा बोलायला लावलं आणि ती ध्वनिफीत बाईंना पाठवली. बाईंनी त्याच रात्री पान दुरुस्त केलं, स्वतःचा आवाज काढून मावशींचा ठेवला, आणि त्या पानाचा आकडा भराभर वाढला.

पण जूनच्या चाचणीची प्रश्नपत्रिका सुट्टीआधीच छापायला गेली होती, आणि तपासणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेकडे जुनी उत्तरसूची होती. मुलीने मावशींचं उत्तर लिहिलं आणि तिचा एक गुण गेला. भाभी दुसऱ्या दिवशी तो परत मागायला शाळेत आल्या, पुरावा म्हणून मावशींना घेऊन. बाईंनी तिथल्या तिथे गुण दिला. मुख्याध्यापिकांचा प्रश्न वेगळाच होता: भेटायला आलेल्यांच्या वहीत मावशींचं नाव पालक म्हणून लिहायचं, की तज्ज्ञ म्हणून?